तळ्यात की मळ्यात? निर्णय घ्यायची आणि त्यावर टिकायची पायरी-पायरीची पद्धत

सातारा, कराड, सांगलीतलं विश्रामबाग, कुठल्याही अभ्यासिकेत जा, टेबलासमोर वेळापत्रक चिकटवलेलं दिसेल. पहाटे साडेचार, चालू घडामोडी. सहा वाजता अंकगणित. ते चिकटवणाऱ्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चालू असतं. एमआयडीसीत नोकरी धरावी का? पुण्याला जावं का? की वडिलांची बागच बघावी? असं वेळापत्रक आठवडाभर टिकतं. मग पोरगं स्वतःला आळशी म्हणतं, घरचे त्याला धरसोड्या म्हणतात आणि रविवारी नवीन वेळापत्रक तयार होतं.

यात चूक क्रमाची आहे. निर्णय व्हायच्या आधीच शिस्त लावायला घेतलेली असते. खालचे आठ टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सहावा टप्पा लोक हमखास गाळतात, म्हणून तिथं जरा जास्त लिहिलं आहे.

उदाहरण शेवटपर्यंत एकच वापरतो. पलूस तालुक्यातला २६ वर्षांचा पदवीधर. घरी दीड एकर द्राक्षबाग, राज्यसेवेचे दोन प्रयत्न झालेले, आणि कुपवाड एमआयडीसीतून नोकरीचं बोलावणं आलेलं. माणूस काल्पनिक आहे, पण असा एक तरी तुमच्या ओळखीत असणारच.

पूर्वतयारी: वही, आकडे आणि दोन निवांत तास

साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाईलमधली नोंदवही नको, कारण ती उघडताना मधे बाकी सगळं उघडतं. विचार करायला बसण्याआधी त्या वहीत चार गोष्टी आकड्यांत लिहा.

पैसा: हातात किती आहेत, महिन्याला किती लागतात आणि भागाकार किती येतो. समजा १ लाख ३० हजार शिल्लक आहेत आणि पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका धरून महिना ११ हजार लागतात. म्हणजे बारा महिनेही पुरत नाहीत. "वर्षभर बघू" हे वाक्य इथंच अडखळतं.

तारखा: कंपनीला उत्तर कधीपर्यंत द्यायचं, अर्जाची शेवटची तारीख कोणती, घरात बहिणीचं लग्न कधी आहे.

बांधिलकी: कर्जाचा हप्ता, आईचं औषधपाणी, सोसायटीचं पीककर्ज. जे चुकवताच येत नाही तेवढंच लिहा.

आणि तुमच्या निर्णयाची झळ प्रत्यक्ष कुणाला बसणार, त्यांची नावं. ही यादी सहसा तीन-चार नावांची निघते. "लोक काय म्हणतील" मधले लोक तिच्यात येत नाहीत.

सावध: दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ही वही बाजूला ठेवा. तो नुसता अनिर्णय नसतो. आधी डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. बरं वाटल्यावर इथूनच सुरू करा, काही बिघडत नाही.

टप्पा १: प्रश्न एका ओळीत लिहा

"आयुष्यात काय करू?" याचं उत्तर कुणाकडेच नसतं. उत्तर देता येईल असा प्रश्न हवा, आणि त्यात पर्याय आणि मुदत दोन्ही हवीत.

आपल्या उदाहरणातल्या मुलाच्या डोक्यात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: राज्यसेवेचा आणखी एक प्रयत्न करायचा का, राहायचं कुठं, आणि बागेचं पुढं काय. तिन्ही एकदम ओढले की गाठ घट्टच होते. त्यातला ज्याच्या उत्तरावर बाकीचे दोन अवलंबून आहेत तो आधी घ्या. इथं तो असा होतो: "पुढचे बारा महिने मी पूर्णवेळ परीक्षेला द्यायचे, की कुपवाडची नोकरी धरायची?" पुणे की सांगली हे त्यानंतर आपोआप लहान होतं. सातारकराचंही तसंच असतं. स्वारगेटच्या विनाथांबा गाडीने रोज अपडाऊन झेपेल का, यावर तो महिनोनमहिने वाद घालतो आणि पुण्यातली ती नोकरी हवी आहे का, हे ठरलेलंच नसतं.

पर्याय दोन ठेवा, फार तर तीन. चौथा सुचला की आधीच्या तिनातला एक खोडायचा.

तपासा: तुमची ओळ घरातल्या माणसाला वाचून दाखवा. त्याने "म्हणजे काय?" असं विचारलं, तर ओळ अजून तयार नाही.

टप्पा २: निर्णय परत फिरवता येतो का, ते ठरवा

प्रत्येक निर्णयाला सारखाच वेळ देणं ही सर्रास होणारी चूक आहे. अभ्यासिका कुठली लावायची यावर पंधरा दिवस जातात, आणि जमिनीचा तुकडा विकायचा विषय एका संध्याकाळी चहावर संपतो.

तीन रकाने करा. महिन्याभरात बदलता येईल असं: क्लास, खोली, पुस्तकांचा संच. यांना एक दिवस पुरे. वर्ष-दीड वर्ष अडकवणारं: नोकरी, पूर्णवेळ तयारी, शेतातलं पीक. जुलै-ऑगस्टमध्ये अडसाली ऊस लावला की रान सोळा ते अठरा महिने गुंतलं. तसल्याच जातीचे हे निर्णय. यांना दोन ते तीन आठवडे द्या. तिसरा रकाना कायमचा: जमीन विकणं, कायम नोकरीचा राजीनामा, लग्न. यांना घाई नको, पण तारीख मात्र हवीच.

आपल्या मुलाचा प्रश्न मधल्या रकान्यात बसतो. म्हणजे तीन आठवड्यांच्या वर एक दिवसही नाही.

टप्पा ३: 'पुरेसं' म्हणजे किती, हे पर्याय बघण्याआधी लिहा

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडलेली एक गोष्ट इथं कामाची आहे. माणसाला सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडणं शक्यच नसतं. तो गरजेची पातळी ठरवतो आणि ती गाठणारा पर्याय घेतो. निर्णय रखडतो तो ही पातळी ठरवलेली नसते तेव्हा. मग प्रत्येक पर्यायात खोट दिसते. आपल्याकडं म्हणतातच, धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

म्हणून दोन-तीन अटी लिहा. उदाहरणार्थ: घरून महिन्याला पाच हजारांवर मागायला लागू नये, फळछाटणीच्या काळात आठ दिवस गावी येता यावं, वर्ष संपताना हातात दाखवण्यासारखं काहीतरी असावं, निकाल किंवा अनुभव. बस.

सावध: अटी पर्याय बघितल्यावर लिहिल्या तर त्या मनात आधीच बसलेल्या पर्यायाच्या मापाने शिवल्या जातात. हा क्रम उलटा झाला असेल तर पान फाडा आणि दोन दिवसांनी पुन्हा लिहा.

टप्पा ४: सल्ला तिघांचा, आणि प्रश्न वेगळा

आपल्याकडं सल्ला मागावा लागत नाही, तो येतोच. पारावर बसलेला येतो, भावकीतला येतो, मुंबईचा मामा फोनवर देतो. प्रत्येक जण प्रेमापोटीच बोलतो, पण स्वतःच्या अनुभवाच्या बाहेरचं कुणालाच सांगता येत नाही. दहा जणांना विचारलं की दहा दिशा मिळतात, आणि मग "सगळ्यांना विचारतोय" या नावाखाली आणखी दोन महिने जातात.

तीन माणसं निवडा. एक, ज्याने हाच रस्ता गेल्या तीन-चार वर्षांत धरला आणि यश मिळवलं. दुसरा, ज्याने तोच रस्ता धरला आणि सोडून दिला. याला कुणी विचारत नाही, आणि खरी माहिती बहुतेक वेळा याच्याकडंच असते. तिसरं माणूस झळ बसणाऱ्यांच्या यादीतलं, म्हणजे बहुधा आई किंवा वडील.

पहिल्या दोघांना "मी काय करू?" असं विचारायचं नाही. तो प्रश्न आला की समोरचा भाषण देतो. असं विचारा: पहिल्या सहा महिन्यांत पैसे कशावर गेले? दिवसातले खरे किती तास अभ्यास व्हायचा? सगळ्यात वाईट महिना कुठला आणि का? सोडायचं कधी ठरवलं, आणि ते आधी ठरवता आलं असतं का?

घरच्यांना विचारायचा प्रश्न आणखी वेगळा. "तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं की वडील "तुझं तू बघ" म्हणतील, आणि त्यातून काय घ्यायचं यावर तुम्ही आठवडा घालवाल. आकडा घेऊन बसा. "आप्पा, मी बारा महिने घरी पैसे देऊ शकणार नाही. फळछाटणीला आठ दिवस येईन, पण डिपिंगला (घड औषधात बुडवायला) आणि विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) मजूर लावावे लागतील. चालेल का?" याला हो किंवा नाही असंच उत्तर येतं.

तपासा: तीन मुलाखतींनंतर वहीत नवीन आकडे आले का? नुसत्या भावना आल्या असतील तर प्रश्न चुकले आहेत, माणसं नाहीत.

टप्पा ५: ठरलेल्या तारखेला निर्णय

माहिती पूर्ण होण्याची वाट बघणाऱ्यांनी एकदा तासगाव-पलूस पट्ट्यातल्या बागायतदाराकडं बघावं. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. लवकर घेतली तर परतीच्या पावसात डाऊनी या रोगाची भीती, उशिरा घेतली तर माल बाजारात उशिरा. पाऊस कसा पडणार हे त्याला माहीत नसतं, चार महिन्यांनी दर काय असेल तेही नसतं. तरी तो तारीख धरतो, जमलं तर दोन प्लॉट वेगवेगळ्या तारखांना घेतो, आणि कात्री लावल्यावर मागं बघत नाही. कारण न ठरवणं हाही तिथं एक निर्णयच असतो, आणि सगळ्यात महागडा.

तारखेच्या दोन दिवस आधी एक प्रयोग करा. पहिला पर्याय घेतलाच आहे असं धरून एक दिवस वावरा. कुणाला सांगायचं नाही, पण मनातल्या मनात त्या दिवसाची कामं त्या हिशोबाने लावायची. दुसऱ्या दिवशी दुसरा पर्याय. रात्री दोन्ही दिवसांबद्दल पाच-पाच ओळी लिहा. सुटका कधी वाटली आणि ओझं कधी, हे चटकन दिसतं.

मग निवडलेल्या पर्यायाबद्दल एकच उलटा प्रश्न: बारा महिने झाले आणि हे सपशेल फसलं, तर कशामुळे फसलं असेल? तीन कारणं लिहा. ती सातव्या टप्प्यात लागतील.

तारीख उजाडली की वहीत वाक्य लिहा, खाली तारीख आणि सही. नाणं उडवू नका, कौल लावू नका, आणि रात्री अकरानंतर निर्णय घेऊ नका.

टप्पा ६: परतीचे दोर कापा, पण मुदत घालून

इथवर बरेच जण येतात. निर्णय होतो, घरी सांगितला जातो, आणि दुसरा पर्याय मात्र "असू दे" म्हणून उघडा राहतो. कंपनीच्या माणसाला "नंतर कळवतो" म्हणून ठेवलेलं असतं. किंवा नोकरी धरली तरी राज्यसेवेच्या टेलिग्राम ग्रुपवर रात्री एकपर्यंत जागरण चालू असतं. शहाणपणा वाटतो, पण लक्ष दुभंगतं ते इथंच.

यावर एक प्रयोग झालेला आहे. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी तो २००२ साली प्रसिद्ध केला. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या फोटोंपैकी एक ठेवून घ्यायला सांगितलं. काहींना म्हटलं, काही दिवसांत बदलून मिळेल. काहींना म्हटलं, आता बदल नाही. ज्यांना बदल बंद होता त्यांना आपला फोटो नंतर जास्त आवडला. आणि गंमत अशी की आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना बदलण्याची मुभा असलेलीच योजना हवी होती. म्हणजे आपण सोय म्हणून जे उघडं ठेवतो, तेच मिळालेल्या गोष्टीची गोडी घालवतं.

स्पर्धा परीक्षांत हा धोका जास्त आहे. राज्यसेवेला खुल्या गटासाठी कमाल वय ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३. विशीत सुरुवात केलेल्याला पंधरा वर्षं कुणी "आता पुरे" म्हणत नाही. मर्यादा घरूनच घालावी लागते, आणि ती आयोगाच्या मर्यादेपेक्षा बरीच अलीकडची असायला हवी.

प्रत्यक्ष करायचं काय? निर्णयानंतर ७२ तासांच्या आत ही कामं संपवा:

१. नाकारलेल्या पर्यायाला स्पष्ट उत्तर द्या. "आभारी आहे, पण मी रुजू होणार नाही," हे लेखी. गोडीत बोला, संबंध तोडायचे नाहीत. माणसाशी ओळख राहू दे, जागा सोडा.
२. त्या पर्यायाचे ग्रुप, चॅनेल, जाहिरातींच्या सूचना बंद. 'म्यूट' नव्हे, बाहेर पडा.
३. वस्तू हलवा. नोकरी धरली असेल तर पुस्तकं धाकट्या भावाला किंवा गावच्या वाचनालयाला. परीक्षा धरली असेल तर मुलाखतीची फाईल माळ्यावर.
४. झळ बसणाऱ्या तीन-चार जणांना एकच वाक्य आणि एकच तारीख सांगा: "अमुक तारखेपर्यंत हेच. त्या दिवशी पुन्हा बसू."

हे शेवटचं महत्त्वाचं. दोर कायमचे कापायला सांगत नाही. बारा महिन्यांनंतरची एक तारीख ठरवा आणि तोवर विषय बंद. मधेच शंका आली, आणि ती येणारच, तर वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून एका ओळीत लिहून ठेवा. तिच्यावर विचार त्या ठरलेल्या दिवशी.

सावध: निर्णय गावभर सांगत सुटू नका. स्टेटस ठेवणं, पेढे वाटणं यात काम झाल्यासारखं समाधान आधीच मिळून जातं.

टप्पा ७: आता वेळापत्रक, आणि तेही अडथळे धरून

एक ना धड भाराभर चिंध्या होऊ द्यायच्या नसतील तर एका वेळेस एकच मुख्य ध्येय ठेवा. इंग्रजी बोलणं, व्यायामशाळा, शेअर बाजार हे सगळं चांगलंच आहे, पण रांगेत.

ध्येय "पास व्हायचंय" असं लिहू नका, ते तुमच्या हातात नाही. "रोज एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून" हे हातात आहे. मग प्रत्येक कामाला जर-तरची जोडी लावा. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवलेली ही साधी युक्ती आहे: कधी आणि कुठं हे आधी ठरलेलं असेल तर काम होण्याची शक्यता वाढते. "सकाळी चहाचा कप ठेवला की मी माडीवरच्या टेबलाशी बसतो." पाचव्या टप्प्यातली फसण्याची तीन कारणंही अशीच मांडा. "शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आली आणि मोटारीवर जावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी पहाटेचं बसणं नाही, संध्याकाळी सहा ते आठ." आधी लिहिलेलं असलं की त्या दिवशी मोडल्यासारखं वाटत नाही.

आपल्याकडचं वर्ष कोरं नसतं. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, लगीनसराई, बेदाण्याच्या शेडवरचे दिवस. कॅलेंडर घेऊन या तारखांवर आधीच काट मारा आणि उरलेले दिवस मोजा. त्या उरलेल्यांतही अंदाज फसतोच. १९९४ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पुरा व्हायला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं; प्रत्यक्षात लागले ५५. म्हणून तुमच्या अंदाजाला दीडने गुणा.

रोजचे तास किती? पहिले दोन आठवडे तुम्हाला शक्य वाटतात त्याच्या निम्मे. आरंभशूर माणूस पहिल्या सोमवारी दहा तास बसतो आणि गुरुवारी सापडत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा; टेबलावर पालथा ठेवणं पुरत नाही.

तपासा: पंधरा दिवसांत ठरवलेल्या बैठकांपैकी दहाच्या वर झाल्या का? नसतील तर बैठक लहान करा. निर्णयाला हात लावू नका. काम नीट होत नाही म्हणून ध्येयच बदलायचं, ही या टप्प्यावरची नेहमीची गफलत. थकवा आला की दुसरा पर्याय एकदम सुंदर दिसायला लागतो.

टप्पा ८: आठवड्याचा हिशोब आणि थांबायची अट

रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं. तीनच ओळी: काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात एक बदल कोणता. दोन बदल नकोत, कारण मग कशाने फरक पडला ते कळत नाही. त्या वेळी "हा निर्णय बरोबर होता का?" हा प्रश्न आला तर शेवटचं पान दाखवा त्याला.

थांबायची अट मात्र आजच लिहून ठेवा, डोकं शांत असताना. उदाहरणातल्या मुलासाठी ती अशी असू शकते: शिल्लक ३० हजारांच्या खाली आली, किंवा सहा महिन्यांनी सलग चार सराव परीक्षांत गुण वाढलेच नाहीत, किंवा घरात कुणाचं मोठं आजारपण आलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता बसायचं. "कंटाळा आला", "मित्राची निवड झाली", "काका काहीतरी बोलले" या अटी नव्हेत.

आणि ती तारीख आली की दोन वर्षं घातली, आता कसं सोडायचं, हा हिशोब मांडू नका. गेलेली वर्षं दोन्ही पर्यायांत गेलेलीच आहेत. प्रश्न पुन्हा पहिल्या टप्प्यापासून नवीन ओळीत लिहा, आकडे नवीन घ्या, आणि वडिलांना आधी एक दिवस सांगून ठेवा, म्हणजे ते त्या संध्याकाळी रानात जाणार नाहीत.